शेजाऱ्याची सही

ओळंब्याचं पितळी टोक खाली टक्कन वाजलं आणि माझ्या हातातली दोरी सैल पडली.

मी ती वर ओढली, पुन्हा सोडली. पुन्हा टक्क. पाइपच्या तोंडाशी दोरी चिमटीत धरली आणि बाहेर काढून टेपवर मोजली. पाच फूट. नकाशावर त्याच जागी लाल वर्तुळ होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'पुनर्भरण बोअर, खोली एकशेऐंशी फूट.'

"मध्ये दगड आडवा आलाय बघा मॅडम," साइटवरचा सुपरवायझर कुंभोजकर म्हणाला. तो मघापासून माझ्या पाठीशी छत्री धरून उभा होता. मे महिन्याचं ऊन होतं.

"चारही बोअरमध्ये?"

"आता जमिनीचं काय सांगावं?"

"चारही ठिकाणी, बरोब्बर पाच फुटांवर?"

त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. हिरव्या रंगाचे चार जाड पाइप जमिनीतून दोन-दोन फूट वर आले होते. प्रत्येकावर पांढऱ्या अक्षरांत 'जल हेच जीवन' असं रंगवलं होतं. शेजारी वाळू-खडी भरलेली गाळणीची टाकी होती, तिच्यावर गुळगुळीत झाकण. गच्चीवरचं पावसाचं पाणी या टाकीत यायचं, गाळून बोअरमध्ये उतरायचं आणि खोल जमिनीत मुरायचं, अशी ती योजना. मी झाकण उचलायला लावलं. टाकीतून बोअरकडे जाणारा पाइपच नव्हता. गच्चीचं पाणी नेणारा पाइप मात्र भिंतीच्या कडेकडेनं सरळ रस्त्यावरच्या गटारीत सोडलेला होता. बारा मजल्यांच्या इमारतीचं सगळं पावसाचं पाणी गटारीत, आणि दर्शनी भागात जमिनीत रोवलेले चार रंगवलेले तुकडे.

"थंड काय घेणार मॅडम? लस्सी सांगू?" कुंभोजकरनं विचारलं.

मी ओळंबा पिशवीत टाकला आणि मागच्या फाटकानं बाहेर पडले.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी, वृंदा खैरमोडे, अठ्ठावीस वर्षांची होते आणि आमच्या शहराच्या महापालिकेत बांधकाम परवानगी विभागात कनिष्ठ अभियंता होते. इमारत पुरी झाली की नकाशाप्रमाणे झाली की नाही ते बघायचं, अहवाल लिहायचा, मग वरिष्ठांनी भोगवटा पत्र द्यायचं. ते पत्र मिळाल्याशिवाय लोकांना राहायला जाता येत नाही. 'हरितांगण' ही साधी इमारत नव्हती. आमच्या शहराच्या हरित इमारत योजनेतली ती पहिली इमारत होती. जो बिल्डर पावसाचं पाणी जमिनीत मुरवेल, सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरेल, गच्चीवर सौर यंत्रणा बसवेल, त्याला दोन मजले जादा बांधायची परवानगी आणि तिथल्या रहिवाशांना घरपट्टीत दहा टक्के सूट, असं त्या योजनेचं स्वरूप होतं.

ही योजना एका माणसानं उभी केली होती. दिनकर बर्गे, आमचे कार्यकारी अभियंता. नऊ वर्षं ते त्या फायलीमागे होते. तीन आयुक्त बदलले, दोनदा फाइल हरवली, एकदा सर्वसाधारण सभेत नगरसेवकांनी त्यांची 'झाडवाले साहेब' म्हणून टर उडवली. ते पुन्हा टाइप करून आणायचे. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका शोषखड्ड्यात शिडी लावून उतरवलं होतं. वरून म्हणाले होते, "कागदावरचा खड्डा आणि खरा खड्डा यांतला फरक पायाला कळतो. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही." मी त्या माणसाला मानत होते.

मागच्या फाटकाबाहेर परीट आळी होती. अकरा घरं, दगडी धुण्याच्या शिळा, दोऱ्यांवर हॉटेलांच्या चादरी, आणि मधोमध विहीर. चार पिढ्या त्या विहिरीवर जगल्या होत्या. हरितांगणच्या तीन मजली तळघरासाठी खोदाई सुरू झाली तेव्हा खालून पाणी लागलं. बिल्डर निरंजन सरपोतदारनं सहा पंप लावले आणि दोन वर्षं ते पाणी उपसून गटारीत सोडलं. तिकडे पंप चालायचे आणि इकडे विहीर खाली जायची. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच तळ दिसला. आता आळी टँकरच्या पाण्यावर धुणं धूत होती.

शेवंताक्का परीट शिळेपाशी बसली होती. साठीची, काटक बाई. आळीच्या वतीनं तिनंच महापालिकेत हरकत घेतली होती. मला बघून उठली.

"आटपलं का मोजून?"

"झालं."

"किती खोल हाय?"

मी म्हटलं, "अक्का, साहेबांशी बोलून सांगते."

तिनं पदर खोचला. मग पुन्हा शिळेकडे वळली आणि जोरानं चादर आपटली.

मी गाडीला किक मारली ती थेट ऑफिसात. बर्गे साहेबांच्या टेबलावर ओळंबा ठेवला.

"पाच फूट. चारही. गाळणीला जोडलेले पण नाहीत. सगळं पाणी गटारीत जातंय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. चकित झाले नाहीत.

"साहेब, तुम्हाला माहीत होतं?"

"एप्रिलपासून."

"आणि?"

"बस आधी."

"मी उभीच बरी आहे."

"सरपोतदारनं शब्द दिलाय. दिवाळीनंतर चारही बोअर मारणार. आत्ता त्याच्याकडे पैसे अडकलेत, लोक ताबा मागतायत."

"दिवाळीनंतर मारू दे. मग भोगवटा पत्रही दिवाळीनंतर द्या."

"पाच जूनला पर्यावरण दिन आहे. महापौर येणार आहेत. जुलैत योजना सभेपुढे मुदतवाढीला येणार." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "त्या कपाटात सहा प्रस्ताव आहेत, वृंदा. एक हॉस्पिटल आहे, त्यांना सगळं सांडपाणी पुन्हा वापरायचंय. एक शाळा आहे. ही खरी माणसं आहेत. पहिलीच इमारत नापास झाली तर सभागृहातले ते लांडगे काय करतील तुला माहीत नाही? योजना मेली. पुन्हा दहा वर्षं कोणी नाव काढणार नाही."

"म्हणजे खोटं लिहायचं?"

"एक खोटं. सहा खऱ्यांसाठी."

"आणि परीट आळी? त्यांची हरकत मी मागे घ्यायला लावली. तुम्हीच पाठवलंत मला. त्या बायांच्या अंगणात बसून सरपोतदारचं लेखी आश्वासन मी मोठ्यानं वाचून दाखवलंय. बोअर विहिरीच्या बाजूला मारणार, दोन पावसाळ्यांत पाणी परत येणार. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून नाही, त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला काय माहीत आहे! तुम्ही गेला नव्हतात तिथे!"

बाहेर कारकुनांचं बोलणं थांबलं. साहेबांशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "अहवाल कर. सविस्तर नको. 'नकाशाप्रमाणे आढळले' एवढं एक वाक्य."

"नाही करणार."

"विचार कर."

"केला."

मी ओळंबा उचलला आणि बाहेर आले. नंतरचे बारा दिवस त्यांनी मला काही विचारलं नाही. मला वाटलं, त्यांनी मनावर घेतलं. मला असंही वाटलं की ते सरपोतदारला आता सोडणार नाहीत. इतकी मी त्यांना मानत होते.

पाच जूनला हरितांगणच्या अंगणात मांडव होता. आंब्याच्या पानांची तोरणं, हिरव्या टोप्या, फ्लॅट घेतलेली माणसं नटूनथटून. रोपं लावायची म्हणून खड्ड्यांशेजारी पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. पुढच्या रांगेत शेवंताक्काला बसवलेलं होतं. 'शेजाऱ्यांच्या सहकार्याबद्दल' तिचा साडी देऊन सत्कार होता. तिनं साडी मांडीवर घेतली नव्हती, शेजारच्या खुर्चीवर ठेवली होती.

मी मागे उभी होते. यायचंच नव्हतं, पण विभागातल्या सगळ्यांना यायचा आदेश होता.

सूत्रसंचालकानं भोगवटा पत्र वाचून दाखवलं. महापौर ते सरपोतदारला देणार होते. "...कनिष्ठ अभियंता श्रीमती वृंदा खैरमोडे यांच्या प्रत्यक्ष पाहणी अहवालानुसार पुनर्भरण व्यवस्था मंजूर नकाशाप्रमाणे आढळून आली असून..."

टाळ्या वाजल्या. दोघातिघांनी वळून माझ्याकडे बघून मान हलवली. शेवंताक्काही वळली. तिनं मान हलवली नाही.

संताप म्हणजे डोक्यात रक्त चढतं असं म्हणतात. माझं उलटं झालं. हातपाय गार पडले. व्यासपीठावर बर्गे साहेब दुसऱ्या खुर्चीत बसले होते आणि समोरच्या फुलदाणीकडे बघत होते.

मग जलपूजन. महापौरांनी तांब्याचा कलश घेतला, पहिल्या हिरव्या पाइपला हळदकुंकू वाहिलं आणि कलशातलं पाणी आत ओतलं. फोटो निघाले. "हे पाणी आता एकशेऐंशी फूट खोल धरणीमातेच्या पोटात जाईल," सूत्रसंचालक म्हणाला.

मी पुढे गेले. कशी गेले ते आठवत नाही. रोपांजवळची एक बादली उचलली आणि त्याच पाइपमध्ये उपडी केली.

महापौर हसले. "वा! अभियंता बाईंनासुद्धा पुण्य पाहिजे!"

मी दुसरी बादली उचलली. कुंभोजकर धावत आला. "मॅडम, मॅडम, पुरे." त्यानं बादलीची कडी धरली. मी अशी हिसडा मारून ओढली की अर्धं पाणी त्याच्या पँटवर गेलं. उरलेलं ओतलं. पाणी पाइपच्या तोंडाशी आलं, थरथरलं आणि थांबलं. मी तिसरी बादली आणली. ती ओतल्याबरोबर पाणी काठावरून फुटलं, हळदकुंकू धुवून निघालं आणि लाल-पिवळा ओघळ महापौरांच्या पांढऱ्या बुटांखाली गेला.

मी म्हटलं, "एकशेऐंशी फुटांची बोअर तीन बादल्यांत भरली. यातली माझी पाहणी कुठली, ते मला कोणी सांगेल का?"

एवढंच बोलले मी. भाषण वगैरे केलं नाही. मांडवात एकदम गलका झाला. फ्लॅटवाले उठले, वार्ताहर पाइपवर वाकले, सरपोतदार फोन कानाला लावून गाडीकडे चालू लागला. कोणीतरी शेवंताक्काच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "आजी, तुमच्यासाठी लढल्या बघा मॅडम."

शेवंताक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. साडी खुर्चीवरच होती.

"समद्यांनी बघितलं, झ्याक झालं," ती म्हणाली. "आता पानी कवा येनार?"

माझ्या हातात अजून रिकामी बादली होती. ती निघून गेली.

बर्गे साहेब तळघराच्या उताराशी एकटे उभे होते. मी तिथे गेले. मला भांडायचं होतं.

"माझं नाव का घातलंत? तुमची सही होती ना, तुमचं नाव घालायचं!"

"माझ्या नावावर कोणी विश्वास ठेवला नसता. योजना माझीच. तुझ्यावर कोणी शंका घेत नाही."

"म्हणून वापरलंत मला."

"हो." ते सरळ म्हणाले. "वापरलं. ते पाप माझं. पण मला एप्रिलमध्ये कळलं, वृंदा. तुला कधी कळलं?"

"मे महिन्यात. मोजलं तेव्हा."

"शेवंताबाई मार्चमध्ये दोनदा ऑफिसात आल्या होत्या. पहाऱ्याच्या वहीत नोंद आहे. त्या कोणाला भेटायला आल्या होत्या?"

मला भेटायला.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये शेवंताक्का खरंच आली होती. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली होती, "बाई, बोअरची गाडी अजून आली न्हाई. ती आली की तीन दिवस कान किटत्यात, आमाला कळल्याबिगर ऱ्हाईल व्हय? तितं नुसतं पाइप रोवल्यात." मी चहा पीत होते. तिला बसा म्हणाले नाही. "अक्का, सगळं कागदावर आहे, बर्गे साहेब स्वतः बघतायत," असं म्हणाले. आठवड्यानं ती पुन्हा आली, तेव्हा शिपायाला सांगितलं, मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हण. मीटिंग नव्हती. माझ्यासमोर दुसऱ्या फायली होत्या, आणि धुणं धुणारी बाई मला बोअर शिकवतेय याचा मला थोडासा रागच आला होता. मार्चमध्ये मी एक दोरी घेऊन दहा मिनिटं गेले असते तर भोगवट्याचा कागद निघायला तीन महिने होते. सरपोतदारची मान आमच्या हातात होती.

मघापासून मी साहेबांवर, बिल्डरवर, अख्ख्या महापालिकेवर जळत होते. त्या उतारावर उभी असताना मला कळलं की त्यातला निम्मा राग कुठला आहे. कळून तो कमी झाला नाही. आणखी पेटला.

"तुम्ही मला हे का सांगताय?" मी विचारलं.

"तुला वाटू नये की आज तू धुतल्या तांदळासारखी घरी चाललीस म्हणून," ते म्हणाले आणि निघून गेले.

पुढे सगळं त्यांनी सांगितलं तसंच झालं. जुलैच्या सभेत 'हरित म्हणजे हिरवा रंग' असं म्हणून नगरसेवक खदखदा हसले. ज्यांनी आयुष्यात एक कुंडी लावली नव्हती ते पर्यावरणाच्या फसवणुकीवर अर्धा अर्धा तास बोलले. योजना रद्द झाली. कपाटातले सहा प्रस्ताव परत गेले. हॉस्पिटल उभं राहिलं, सांडपाणी नदीत सोडून. सरपोतदारनं दंड भरला आणि ऑगस्टमध्ये त्याला भोगवटा पत्र मिळालं, कारण शहाण्णव कुटुंबांना रस्त्यावर ठेवायला कोणी तयार नव्हतं. दोन जादा मजले आहेत तिथेच आहेत. बोअर कोणी मारल्या नाहीत. माझी बदली श्वान परवाना विभागात झाली. सात वर्षं मी कुत्र्यांचे बिल्ले वाटले. बर्गे साहेब दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी गेले नाही. परीट आळीतल्या अकरा घरांपैकी सहांनी धंदा सोडला.

मी चूक केली का? लोक विचारायचे. मी सांगायची, मे महिन्यातलं आणि जूनमधलं विचारू नका. मार्चमधलं विचारा. त्यांना काही कळायचं नाही.

आठव्या वर्षी नवीन आयुक्त आले. त्यांनी जुन्या फायली काढल्या, मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, योजना पुन्हा लिहा, पण या वेळी ती कोणाला फसवता येऊ नये. मी तीन महिन्यांत लिहिली. जादा मजले आधीच देणं बंद. घरपट्टीची सूट आणि बिल्डरची अडकवलेली अनामत, दोन्ही तीन पावसाळ्यांनंतर, आणि तीही मोजून. कुठे मोजायचं? बिल्डरच्या पाइपात नाही. शेजारच्या विहिरीत, शेजारच्या बोअरमध्ये, दर चैत्रात. आणि अहवालावर शेवटची सही शेजाऱ्याची.

तो मसुदा घेऊन मी बर्गे साहेबांच्या घरी गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा. ते खूप वाळले होते. त्यांनी चहा केला, चष्मा लावला आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसले. दीड तास ते पानं पुढे-मागे उलटत होते. शेजाऱ्याच्या सहीच्या कलमाखाली त्यांनी लिहिलं, 'शेजाऱ्याने नकार दिल्यास पाण्याची पातळी दाखवून कारण द्यावे, म्हणजे कोणी सूड उगवणार नाही.' त्याच्याखाली थांबून थांबून आणखी एक ओळ लिहिली. 'पाहणी करणाऱ्याचे नाव दुसऱ्या कोणी लिहू नये. त्याने स्वतःच्या हाताने लिहावे.'

कागद माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "चहा गार झाला तुझा."

मी तो गार चहा प्यायले. माफ केलं असं नाही म्हणणार. पण प्यायले.

सभेत त्या कलमावर दोन वर्षं भांडण झालं. "परटाची सही घेऊन इमारती पास करायच्या का?" असं एका नगरसेवकानं उघड विचारलं. मी गॅलरीतून ओरडले, "हो!" मला बाहेर काढलं. चार मतांनी योजना मंजूर झाली.

परीट आळीच्या दुसऱ्या बाजूला आता एक नवी इमारत उभी राहिली आहे. नव्या नियमांतली. तिच्या दोन बोअर खऱ्या आहेत, मी स्वतः उभी राहून मारून घेतल्या. शेवंताक्का चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. पहिल्या चैत्रात विहीर चार बोटं वर आली होती. तिनं पातळी दाखवली, कारण सांगितलं आणि सही केली नाही. दुसऱ्या चैत्रात गुडघाभर पाणी होतं. पुन्हा सही केली नाही. "गुडघ्याभर पान्यात चादर बुडत न्हाई," एवढंच म्हणाली.

गेल्या आठवड्यात त्या बिल्डरचा मला फोन आला. सभ्य माणूस आहे. रडकुंडीला आला होता. अनामत अडकली आहे, रहिवासी सूट मागतायत, पुढच्या चैत्रात म्हातारीनं पुन्हा नाही म्हटलं तर काय करायचं?

"मॅडम, तुमचं ऐकतील त्या. तुम्ही एकदा जाऊन समजावून सांगा ना."

"नाही," मी म्हटलं. "पाणी वाढवा."

"अहो, पण तुमचा एक शब्द—"

मी फोन ठेवून दिला.